परमुलखाच्या चुलीला आपल्या गावात छप्पर



आपलं वर्धा दोन मोठ्या रेल्वेमार्गांच्या तिठ्यावर आहे. एक मुंबईहून हावड्याला जाणारा आणि दुसरा दिल्लीहून चेन्नईला जाणारा. त्यामुळे इथे माणसं उतरत राहतात. कोणी सेवाग्रामच्या किंवा सावंगीच्या दवाखान्यात येतं, कोणी शिकायला येतं आणि कोणी पोट भरायला. पोट भरायला येणाऱ्यांपैकी बरेच जण दुसऱ्यांची पोटं भरतात. गुपचूपचा ठेला लावणारा उत्तर प्रदेशातला किंवा बिहारचा असतो. उन्हाळ्यात आइस्क्रीमची गाडी आणणारा मेवाडचा, इडली-डोसेवाला दक्षिणेकडचा आणि मोमोवाला नेपाळचा किंवा दार्जिलिंगकडचा. त्यांच्या हातचं आपली मुलं-नातवंडं रोज खातात, पण त्यांची नावं आपल्याला माहीत नसतात.

परदेशातल्या काही शहरांत अशा माणसांसाठी एक सोय असते, तिला ‘फूड हॉल’ म्हणतात. एका मोठ्या छपराखाली दहा-वीस छोटे गाळे असतात, पाणी, सांडपाणी, बसायची जागा आणि शौचालय सगळ्यांत मिळून असतं, आणि काही ठिकाणी गाळे मुख्यतः बाहेरून आलेल्या कुटुंबांना परवडेल अशा भाड्यात दिले जातात. आपल्याकडे खाऊगल्ल्या आहेत, पण बहुतेक आपोआप वाढलेल्या. अशी जागा वर्ध्यात आणि हिंगणघाटला ठरवून उभी राहावी, आणि तिला आपल्या समाजाने, त्यातही आपण बायकांनी, हात द्यावा, असं माझं स्पष्ट मत आहे.

‘बाहेरच्यांसाठी आपण का म्हणून?’ हा प्रश्न येणार हे मला ठाऊक आहे. त्याचं उत्तर आपल्याच घरात आहे. ओसवाल आणि खंडेलवाल घरं राजस्थानातून आली, कच्छी आणि गुजराती घरं तिकडून. बघेरवालांचं मूळही राजस्थानातल्या बघेरा गावी सांगतात. सैतवाळ भगिनी म्हणतील, आम्ही इथल्याच. असतील, पण बाकीच्यांना जागा मिळाली ती इथल्या माणसांनी दिली म्हणूनच ना? कोणी दुकानाची ओसरी दिली, कोणी उधारीवर माल दिला. सीकरजवळच्या काशी का बास या खेड्यात १८८९ साली जन्मलेला एक मुलगा लहानपणी वर्ध्याला बच्छराज शेठजींच्या घरी दत्तक आला. त्यानेच, म्हणजे जमनालाल बजाजांनी, १९२८ मध्ये इथलं लक्ष्मीनारायण मंदिर हरिजनांसाठी उघडलं. आज त्यांना कोणी परप्रांतीय म्हणत नाही. नागपूरची म्हणून आपण जी संत्रा बर्फी पाहुण्यांना देतो, ती घराघरात नेणारं हल्दीरामचं कुटुंबही मूळचं बिकानेरचं. आलेला माणूस दोन पिढ्यांत गावचा होतो. फक्त पहिल्या पिढीला टेकायला जागा लागते.

आता थोडं हिशेबाचं बोलू. मी बी.कॉम. झाले त्याला चाळीस वर्षं उलटून गेली, पण वहीची सवय सुटली नाही. समजा, एका ठेलेवाल्याने सकाळी माल आणायला सावकाराकडून ९०० रुपये घेतले आणि संध्याकाळी १,००० परत केले. दिसायला फक्त शंभर रुपये. पण महिन्याचे २६ दिवस धरले तर २,६०० रुपये व्याज झालं, आणि तेही फक्त ९०० रुपयांच्या भांडवलावर. दर महिन्याला मूळ रकमेच्या जवळजवळ तिप्पट! इतक्या व्याजात मारवाड्याची पेढीसुद्धा बुडेल. त्यात पाऊस आला तर दिवस गेला, अतिक्रमणाची गाडी आली तर ठेलाच गेला. हा माणूस आळशी नाही. त्याच्याकडे दोनच गोष्टी नाहीत: स्वस्त खेळतं भांडवल आणि उद्याही तिथेच उभं राहता येईल अशी जागा.

शिवाय त्या ठेल्यामागे एक बाई असते, ती आपल्याला दिसत नाही. पहाटे उठून रवा मळणारी, पुऱ्या तळणारी, वटाणे उकडणारी, चिंचेचं पाणी गाळणारी. हे सगळं ती दहा बाय दहाच्या भाड्याच्या खोलीत करते, त्याच खोलीत मुलं झोपलेली असतात. गल्ल्यावर नवरा असतो, कागद झाला तर तोही नवऱ्याच्या नावाने. आपणही संसार केला आहे. ज्या कामाला मोबदला नाही, ते काम मोजलंच जात नाही, हे आपल्याला कोणी शिकवायला नको.

हे काम मोजायला लावणारी एक संस्था आपल्या महाराष्ट्रातच होऊन गेली. मुंबईच्या गिरणगावात कोकणातून आणि घाटावरून आलेले हजारो गिरणी कामगार कुटुंबाशिवाय राहत. त्यांना महिन्याच्या बोलीवर जेवू घालणाऱ्या खाणावळवाल्या बायका होत्या. त्यातल्या कितीतरी स्वतःच गाव सोडून आलेल्या. कामगाराचा पगार महिन्याने व्हायचा, पण किराणा रोज लागायचा. मधल्या दिवसांत सावकार गाठायचा आणि अंगावरचं मंगळसूत्रही गहाण टाकायचं. प्रेमाताई पुरव यांनी १९७५ मध्ये या बायकांचं ‘अन्नपूर्णा महिला मंडळ’ उभं केलं. बँकांचं राष्ट्रीयीकरण १९६९ मध्ये झालं होतं, पण खाणावळवालीला बँकेची पायरी चढायचं धाडस नव्हतं. मंडळाने बायकांचे गट केले आणि एकमेकींच्या विश्वासावर त्यांना बँकेचं कर्ज मिळवून दिलं. कर्ज त्या बाईच्या नावाने निघालं. माझ्या मते त्या चळवळीतली सगळ्यात मोठी गोष्ट हीच. गाळ्याचा करार आणि कर्ज नवऱ्याबरोबर तिच्याही नावाने असेल, तरच फूड हॉलचा खरा फायदा तिला होईल.

पण नुसती इमारत बांधली की काम झालं, असं नाही. सॅन फ्रान्सिस्को शहरात, जिथे आपल्यातल्या काहींची मुलं नोकरीला आहेत, ‘ला कोसीना’ नावाची संस्था २००५ पासून कमी उत्पन्नाच्या, मुख्यतः बाहेरदेशातून आलेल्या बायकांना धंद्यासाठी भाड्याने स्वयंपाकघर देते. हिशेब, परवाना आणि भाव कसा ठरवायचा हेही शिकवते. २०२१ मध्ये त्यांनी एका जुन्या पोस्ट ऑफिसच्या इमारतीत फूड हॉल सुरू केला. खूप कौतुक झालं. पण कोविडनंतर आजूबाजूच्या ऑफिसांतली माणसं परत आलीच नाहीत, गिऱ्हाईक कमी पडलं आणि २०२३ मध्ये लोकांसाठी उघडा असलेला तो हॉल बंद करावा लागला. संस्थेचं स्वयंपाकघराचं काम मात्र चालू राहिलं. यातून मी दोन गोष्टी घेते. एक, हॉल गिऱ्हाईक जिथे आहे तिथेच हवा. गावाबाहेर स्वस्त जमीन मिळते म्हणून तिथे बांधला तर चार महिन्यांत कुलूप लागेल. आणि दुसरी, दर्शनी गाळ्यापेक्षा मागचं स्वयंपाकघर जास्त महत्त्वाचं आहे.

सरकारी बाजूने रस्ता बंद नाही. २०१४ च्या पथविक्रेता कायद्याने फेरीवाल्याला संरक्षण दिलं आहे. जागा ठरवण्यासाठी शहरात समिती असावी, तिच्यात किमान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांचे निवडलेले असावेत आणि त्यातल्या एक तृतीयांश बायका असाव्यात, असं तो कायदा म्हणतो. जून २०२० मध्ये पीएम स्वनिधी योजना आली. पहिलं कर्ज १०,००० रुपयांचं, फेडलं की २०,००० आणि मग ५०,०००. वेळेवर हप्ते भरणाऱ्याला व्याजात ७ टक्के सवलत. पुढे पहिल्या दोन टप्प्यांची रक्कम वाढवली गेली. २०२३ मध्ये केंद्राने देशभरात १०० स्वच्छ खाऊगल्ल्या करायचं ठरवलं आणि प्रत्येकीला एक कोटी रुपये ठेवले. पाणी, हात धुण्याची सोय, शौचालय, उजेड, कचरा यांच्यासाठी. म्हणजे कायदा आहे, पैसाही आहे. अडतं ते कागदावर. ज्याच्या खोलीचा भाडेकरारच नाही, त्याच्याकडे पत्त्याचा पुरावा मागितला की तो परत फिरतो आणि थेट सावकाराकडे जातो.

आता आपल्या घरातल्या आक्षेपांकडे येऊ. पहिला आणि खरा आक्षेप आहाराचा. अशा हॉलमध्ये कोणी अंडी-मांस शिजवेल, मग जैन बाईने त्याला पाठिंबा कसा द्यायचा? माझं म्हणणं असं, की जागा कोणाची हे आधी बघावं. समाजाची जागा असेल तर तिथे शाकाहारच, यात तडजोड नाही आणि त्यासाठी कोणाची माफी मागायचीही गरज नाही. नगरपालिकेची जागा असेल तर ती सगळ्या गावाची आहे. तिथे शाकाहारी गाळे वेगळ्या बाजूला असावेत, तेल आणि भांडी वेगळी असावीत, एवढी मागणी आपण जरूर करावी. पण ‘तो ठेलाच नको’ असं म्हणू नये. अहिंसेचा नियम मी माझ्या ताटाला लावते. तोच नियम दाखवून दुसऱ्याची चूल विझवली, तर त्याच्या घरी त्या रात्री काय होतं, तेही हिंसेच्याच खात्यात लिहावं लागेल.

दुसरा आक्षेप, हे लोक आपल्या मुलांचा धंदा घेतात. खरं सांगा, आपल्यातलं कोणाचं पोरगं गुपचूपचा ठेला लावायला तयार आहे? उलट तेल, बेसन, रवा, गूळ, प्लेटा, गॅस हे सगळं हा माणूस आपल्याच किराणा दुकानांतून घेतो. मात्र इथल्या बचत गटांच्या बायकांनाही त्याच हॉलमध्ये गाळे हवेत, सांबारवडी, तर्री-पोहे आणि झुणका-भाकरीचे. बाहेरचे आणि इथले शेजारी-शेजारी बसले की भांडणाचं कारण उरत नाही.

तिसरा आक्षेप स्वच्छतेचा. तो रास्तच आहे, आणि हॉल हवा असण्याचं ते मोठं कारण आहे. बादलीभर पाण्यात दिवसभर प्लेटा विसळणारा माणूस घाणेरडा नसतो, त्याच्याकडे नळ नसतो.

मग आपण करायचं काय? पैसे गोळा करायला मी सांगत नाही. दान आपण करतोच. इथे दानापेक्षा व्यवहार जास्त उपयोगी आहे. आपल्या समाजाची मंगल कार्यालयं गावोगावी आहेत. त्यांची मोठी स्वयंपाकघरं, ओटे, पाण्याच्या टाक्या लग्नसराई सोडली तर रिकाम्या पडून असतात. ती सकाळचे चार तास ठरावीक भाड्याने अशा बायकांना तयारीसाठी का देऊ नयेत? यावर ‘आलू उकडतील, कांदा कापतील’ असं ऐकायला मिळेल. त्या ट्रस्टी मंडळींना मी नम्रपणे विचारते, आपण हेच सभागृह बाहेरच्या लग्नांना भाड्याने देतो तेव्हा तिथे काय शिजतं? मोठ्या भाड्याला जो नियम शिथिल होतो, तो गरीब बाईच्या छोट्या भाड्याला कडक का व्हावा? साधू-साध्वींच्या चौक्याची जागा आणि भोजनशाळेचं स्वयंपाकघर यांना हात लावायचा नाही, हे गृहीतच आहे. आणि जिथे बाहेरच्यांनाही कंदमूळ चालत नाही, तिथे तोच नियम या बायकांनाही सांगावा. कच्च्या केळ्याचा मसाला घालून गुपचूप उत्तम होते, आणि ती करायला शिकलेल्या बाईला पर्युषण सोडून वर्षभर आपल्याच घरांतून ऑर्डर मिळेल. सूर्यास्ताच्या आत जेवणाऱ्यांसाठी दुपारी चार ते सहा गाळा उघडा ठेवला, तर तिचं गिऱ्हाईक वाढेल आणि आपलीही सोय होईल.

दुसरं काम कागदाचं. आपल्यात बी.कॉम., एम.कॉम. झालेल्या, पण लग्नानंतर फक्त दुधाचा हिशेब लिहिणाऱ्या कितीतरी जणी आहेत. आठवड्यातून दोन तास बसलो तर स्वनिधीचा अर्ज, अन्नसुरक्षेची नोंदणी, बँकेचं पासबुक आणि रोजच्या जमाखर्चाची वही एवढं सहज शिकवता येईल. खोली भाड्याने देणाऱ्यांनी भाडेकरूला साधा लेखी करार द्यावा. तेवढ्या एका कागदाने त्याचा पत्ता सिद्ध होतो.

वर्ध्यात हा विचार नवा नाही. खेड्यातल्या कारागिरांचं काम लोकांसमोर यावं म्हणून १९३८ मध्ये गांधीजींच्या हस्ते मगन संग्रहालय इथेच उघडलं. हाताच्या कामाला जागा देणारं गाव म्हणून आपली ओळख आहे. चूल हेही हाताचंच काम आहे.

पुढच्या महिला मंडळाच्या सभेत मी हा विषय मांडणार आहे. आपापल्या गावच्या मंडळात तुम्हीही मांडा. मंगल कार्यालयाची चावी ज्यांच्याकडे आहे, ते आपल्याच घरात आपल्याच हातचं जेवतात. त्यांना विचारायला आपण कशाला घाबरायचं?

जय जिनेन्द्र.