वेगवान् गाड्या आणि तुटक तिकिटें

युरोपांतून परत आलेल्या आपल्याकडील सुशिक्षित मंडळींच्या तोंडीं तेथील आगगाड्यांची स्तुति हमखास असते. गाडी ताशीं ३०० किलोमीटर धांवते, पेल्यांतील पाणी हालत नाहीं, लंडनला न्याहारी करून निघालेला मनुष्य दुपारच्या जेवणाला पॅरिसमध्यें असतो, हें सर्व ते सांगतात, आणि तें खरेंही आहे. आमचा वाद या स्तुतीशीं नाहीं. तिच्या पाठोपाठ येणाऱ्या उपदेशाशीं आहे. ‘योजना अगोदर आंखा, तिकिटें वेळेवर काढा, म्हणजे सारें सुरळीत होतें, त्रास होतो तो आळशांना,’ असा तो उपदेश. आम्हांस तो मुळींच मान्य नाहीं. एका राष्ट्रांतून दुसऱ्या राष्ट्रांत वेगवान् गाडीनें जाण्यासाठीं तिकीट काढण्याची आजची पद्धतच सदोष आहे; तो दोष उतारूंचा नसून गाड्या चालविणाऱ्या कंपन्यांचा व त्यांना मोकळीक देणाऱ्या सरकारांचा आहे; आणि तो दूर करतां येण्याजोगा आहे.

ज्यांचें श्रेय त्यांना प्रथम दिलें पाहिजे. १९८१ सालीं पॅरिस-लियों मार्गावर फ्रान्सची वेगवान् गाडी सुरू झाली. १९९४ सालीं इंग्लिश खाडीच्या तळाखालून सुमारें ५० किलोमीटर लांबीचा बोगदा खुला झाला. फ्रान्सच्या वेगवान् मार्गांवर २५,००० व्होल्टची वीज, बेल्जमच्या जुन्या मार्गांवर ३,००० व्होल्टची, हॉलंडच्या जुन्या मार्गांवर १,५०० व्होल्टची, जर्मनींत १५,००० व्होल्टची आणि तीही निराळ्या आवर्तनाची; या चारही विजा पचविणारीं इंजिनें तेथील यंत्रज्ञांनीं तयार केलीं. स्पेनचे जुने रूळ १,६६८ मिलिमीटर रुंदीचे. परंतु १९९२ सालीं माद्रिद-सेव्हिल हा नवा मार्ग बांधतांना त्या राष्ट्रानें अभिमान बाजूला ठेवून शेजाऱ्यांचें १,४३५ मिलिमीटरचें माप पत्करलें. त्याच धोरणामुळें २०१३ च्या डिसेंबरापासून पॅरिसची गाडी थेट बार्सिलोनाला जाऊं लागली. इकडे १९८५ च्या शेंगेन करारानें सरहद्दीवरील तपासणी उठविण्याचा पाया घातला. वीज जुळली, रूळ जुळले, सरहद्दी मोकळ्या झाल्या. घोडें अडलें तें तिकिटाच्या खिडकीशीं.

ॲम्स्टरडॅमहून सेव्हिलला जाणाऱ्या कुटुंबाचें उदाहरण घ्या. ॲम्स्टरडॅम ते पॅरिस हा सुमारें साडेतीन तासांचा प्रवास युरोस्टार कंपनीच्या गाडीनें. ती पॅरिसच्या उत्तर स्टेशनावर, म्हणजे गार द्यु नोर येथें, सोडते. बार्सिलोनाची गाडी मात्र गार द लियों येथून निघते. सामानसुमान घेऊन हें अंतर उतारूनें भुयारी गाडीनें स्वतःच्या जबाबदारीवर तोडावयाचें. पुढें जवळजवळ पावणेसात तास फ्रेंच रेल्वेची गाडी, आणि बार्सिलोनाहून पुढें स्पॅनिश रेल्वेची. तीन गाड्या, तीन तिकिटें, तीन करार. कांहीं ठरावीक जोडण्या सोडल्या तर असा प्रवास एका करारानें पदरांत पडत नाहीं. प्रत्येक कंपनीची विक्री निराळ्या दिवशीं खुली होते. तिकीट परत करण्याचे व बदलण्याचे नियम निराळे. आणि भाडें मागणीप्रमाणें वाढत जातें. पहिलें तिकीट आधीं घ्यावें, तर तिसऱ्याची विक्रीच सुरू झालेली नसते. तिसऱ्याची वाट पाहावी, तर पहिलें महाग होऊन बसतें. यांत आळशीपणाचा प्रश्न येतोच कोठें?

याहून गंभीर गोष्ट पुढेंच आहे. पहिली गाडी दोन तास उशिरां आली आणि दुसरी चुकली, तर काय? युरोपीय संघाचा २०२१ चा कायदा २०२३ च्या जूनपासून अंमलांत आहे. एक तासाच्या उशिराला भाड्याचा चौथा हिस्सा व दोन तासांच्या उशिराला निम्मा हिस्सा परत मिळतो. परंतु तिकिटें सुटीं असतील, तर ही भरपाई उशीर झालेल्या गाडीच्या तिकिटापुरतीच. चुकलेल्या गाडीचें महागडें तिकीट वायां जातें. एकसंध तिकिटाची सक्ति कायद्यानें केली आहे, पण ती एकाच कंपनीनें चालविलेल्या गाड्यांपुरती! सुटीं तिकिटें आपण होऊन एकत्र विकणाऱ्या व्यापाऱ्यासाठीं मात्र कडक कलम आहे: गाडी चुकल्यास त्यानें सर्व पैसे परत करावे आणि वर पाऊणपट भरपाई द्यावी. वाचून समाधान वाटतें. पण लगेच पळवाटही आहे. तिकिटांवर ‘हे स्वतंत्र करार आहेत’ असें छापलें आणि विक्रीपूर्वीं तसें उतारूस कळविलें, कीं तो व्यापारी मोकळा. एका वाक्याच्या शाईनें जें कलम पुसलें जातें, त्याला संरक्षण म्हणावयाचें कीं थट्टा? चोर सोडून संन्याशाला सुळीं देण्याचा हा प्रकार आहे. उशीर गाडीनें करावा आणि दंड उतारूनें भरावा!

आमच्या विरुद्ध तीन आक्षेप घेतले जातील. पहिला असा कीं, अनेक कंपन्या म्हणजे स्पर्धा, आणि स्पर्धा म्हणजे स्वस्ताई. इटलींत २०१२ पासून आणि स्पेनमध्यें २०२१ पासून वेगवान् मार्गांवर प्रतिस्पर्धी कंपन्या आल्या व भाडीं उतरलीं, हें आम्ही नाकारीत नाहीं. परंतु ती स्पर्धा एका मार्गाच्या दोन टोकांमधली. तिच्यासाठीं उतारूचा प्रवास मध्येंच तोडावा लागतो, हें कोणत्या अर्थशास्त्रांत लिहिलें आहे?

दुसरा आक्षेप: ज्याला सोय हवी त्यानें विमानानें जावें. हा सल्ला विनोदी आहे. कारण बहुतेक सर्व आंतरराष्ट्रीय विमानांचें इंधन करमुक्त ठेवणारींच सरकारें हवा शुद्ध राहावी म्हणून आगगाडीचा पुरस्कार करीत असतात. शिवाय रेल्वेनें विमानांचें अनुकरण केलेंच आहे. १९९३ सालीं फ्रेंच रेल्वेनें एका अमेरिकन विमान कंपनीच्या यंत्रणेवर बेतलेली ‘सोक्रात’ ही आरक्षणपद्धति आणली. मागणीप्रमाणें भाडें चढविण्याची विद्या घेतली. मात्र एकाच तिकिटावर दोन कंपन्यांचीं विमानें घेणाऱ्याला, पहिल्याच्या उशिरामुळें दुसरें चुकल्यास, मुक्कामीं पोंचविण्याची जी जबाबदारी विमान कंपन्या पाळतात, ती घेतली नाहीं.

तिसरा आक्षेप: इतक्या राष्ट्रांचे हिशेब जुळावयाचे कसे? ते पूर्वींच जुळलेले आहेत. परदेशीयांसाठीं युरेल पास १९५९ पासून आणि युरोपीयांसाठीं इंटररेल १९७२ पासून चालू आहे. एका पासावर अनेक राष्ट्रांच्या गाड्या चालतात आणि पैशांची वांटणी होते. पण येथेंही देव देतो आणि कर्म नेतें. आंतरराष्ट्रीय वेगवान् गाड्यांपैकीं पुष्कळांवर पासधारकानें जागेसाठीं निराळे पैसे भरावयाचे, आणि युरोस्टारसारख्या गाडींत त्या जागाही मोजक्याच. आपल्याकडे कोकण रेल्वे हें स्वतंत्र महामंडळ आहे; पण मुंबईहून मंगळुरास जाणाऱ्याला रोह्यानंतर रूळ कोणाचे, हें कोणी विचारीत नाहीं. हिशेब कचेऱ्यांनीं करावयाचा असतो, उतारूनें नव्हे.

हा प्रश्न आपल्या घरांपासून फार दूर आहे, असें कोणीं समजूं नये. आयंधोव्हेनला किंवा म्युनिकला नोकरी करणाऱ्या मुलांकडे जाणारे आईबाप आज महाराष्ट्रांतील गांवोगांवीं आहेत. शेंगेनच्या व्हिसाची मुदत मोजकी. लंडनही पाहावयाचें तर ब्रिटनचा व्हिसा निराळा. आणि तेथून परततांना दोन्ही बाजूंची पासपोर्ट-तपासणी सेंट पँक्रास स्टेशनावर गाडींत बसण्यापूर्वींच उरकावी लागते. तेथील तरुणाला चुकलेली गाडी ही सांगावयाची गंमत होते. निवृत्तिवेतनांतून पैसे साठविलेल्या, परभाषेच्या प्रदेशांत रात्रीं उघड्यावर पडलेल्या वृद्ध दांपत्याला ती गंमत नसते.

थेट गाडी असेल तर तीच पकडावी (बर्लिन-पॅरिस अशी वेगवान् गाडी २०२४ च्या डिसेंबरापासून धांवूं लागली), बदलाच्या गांवीं तासांचें अंतर किंवा रात्रीचा मुक्काम ठेवावा, आणि तिकीट घेण्यापूर्वीं करार एक कीं अनेक हें पाहावें, इतकें शहाणपण आम्हीही सांगूं. पण ही झाली सावधगिरी. तिला व्यवस्था म्हणतां येत नाहीं.

युरोपीय आयोगाच्या अध्यक्षांनीं २०२४ सालीं एका ठिकाणीं, एका तिकिटावर, संपूर्ण प्रवासाच्या हक्कांसह आरक्षण मिळेल असें अभिवचन दिलें. त्याचा अर्थ पुरा व्हावयाचा तर प्रत्येक कंपनीनें आपलीं तिकिटें इतरांस विकूं दिलीं पाहिजेत, एका खरेदीचा एकच करार मानला पाहिजे, आणि गाडी चुकलेल्यास पुढच्या गाडींत विनामूल्य जागा दिली पाहिजे. समुद्राखालून रूळ नेणाऱ्यांना तीन तिकिटांचें एक तिकीट करतां येत नाहीं, हें आम्हांस खरें वाटत नाहीं. त्यांना तें करावयाचें नाहीं, इतकाच त्याचा अर्थ. आणि जें करावयाचें नाहीं तें करावयास लावण्यासाठींच कायदे असतात.