बर्फावरचा जखमी आणि खर्चाची जबाबदारी

१९३६ साली अमेरिकेतील व्हरमाँट राज्यात स्टोव येथे मायनॉट डोल या विमाव्यावसायिकाचा स्कीइंग करताना घोटा मोडला. डोंगरावर मदतीची कसलीही व्यवस्था नव्हती; मित्रांनी छपराच्या पत्र्यावर घालून त्याला खाली ओढत आणले. त्या मित्रांपैकीच फ्रँक एडसन पुढे लवकरच एका शर्यतीतील अपघातात मरण पावला. या आघातांतून १९३८ साली ‘नॅशनल स्की पेट्रोल’ ही संघटना उभी राहिली. मोडलेल्या हाडाला फळ्या बांधून जखमीला घसरगाडीवरून खाली आणण्याचे काम तिचे स्वयंसेवक आजही करतात.

परंतु माणुसकीचा हा व्यवहार पायथ्याशी संपतो. तेथून रुग्णवाहिका आणि शस्त्रक्रिया यांची बिले सुरू होतात. २०२२ पासून अमलात आलेल्या कायद्याने विमाधारकांना हवाई रुग्णवाहिकेच्या अनपेक्षित बिलांपासून संरक्षण दिले. रस्त्यावरच्या रुग्णवाहिका मात्र त्यातून वगळल्या.

फ्रान्सने वेगळा मार्ग धरला होता. डिसेंबर १९५६ मध्ये माँ ब्लाँवर दोन तरुण गिर्यारोहक अडकले. त्यांच्या सुटकेसाठी गेलेले हेलिकॉप्टर कोसळले आणि अखेर ते दोघेही बर्फातच मरण पावले. लोकक्षोभ उसळला, आणि १९५८ मध्ये पर्वतातील बचावकार्य ही राज्यसंस्थेची जबाबदारी ठरली. तथापि १९८५ च्या पर्वतविषयक कायद्याने स्कीइंगच्या अपघातातील बचावखर्च जखमीकडून वसूल करण्याची मुभा स्थानिक नगरपालिकांना दिली.

या वसुलीचे समर्थन वरकरणी समाजवादीच वाटते. बर्फावर घसरण्याची हौस सुखवस्तूंची. तिचा भार कष्टकऱ्यांनी का वाहावा, असा तो प्रश्न आहे. वस्तुतः हा युक्तिवाद कामगार चळवळीला नवा नाही. यंत्रात हात सापडलेल्या मजुरालाही ‘तुझाच निष्काळजीपणा’ असे एके काळी ऐकवले जात होते. उपचारापूर्वी जखमीची पात्रता तपासण्याचा हक्क एकदा मान्य केला, की ती तपासणी श्रीमंताच्या दाराशी थांबत नाही. शिवाय बिलाच्या धास्तीने हाक मारण्यास उशीर होतो, आणि गारठा त्या विलंबाची गय करीत नाही.

स्वित्झर्लंडमधील व्यवस्था या दृष्टीने अभ्यासण्याजोगी आहे. १९८४ पासून अमलात असलेल्या अपघातविमा कायद्याने तेथील प्रत्येक नोकरदाराचा विमा सक्तीचा केला. आज एका मालकाकडे आठवड्यातून किमान ८ तास काम करणाऱ्याला कामाबाहेरच्या अपघातांतही हे संरक्षण मिळते. जिन्यावरून पडलेला कारकून आणि बर्फावर गुडघा दुखावलेला कामगार यांच्यात उपचारापुरता भेद उरत नाही. गंभीर बेपर्वाई सिद्ध झाल्यास रोख भत्ता कापता येतो. उपचार मात्र तोडले जात नाहीत. शिक्षा आणि शुश्रूषा यांची ही फारकत महत्त्वाची आहे.

हौसेचा खर्च हौस करणाऱ्यांनी उचलावा, हे तत्त्व चूक नाही. पण तो सर्वांकडून आधी, थोडा थोडा घ्यावा. उतारांवर नफा मिळवणाऱ्या लिफ्ट कंपन्यांनी आणि तिकीट काढणाऱ्या प्रत्येकाने मिळून बचावनिधी उभारणे अशक्य नाही. पाय मोडून बर्फात पडलेल्या एकट्या माणसापुढे सगळा हिशेब मांडणे हे मात्र सहजीवनाच्या मूळ कल्पनेशी विसंगत आहे.