सुभेदार रामजींची पेन्शन

१४ एप्रिल उजाडला कीं गांवोगांव मिरवणुका निघतात, आणि त्या निघाव्यात हेंच योग्य. पण २ फेब्रुवारी हा दिवस बहुतेक गांवांत कोणाच्या ध्यानींमनींही नसतो. सन १९१३ सालीं याच दिवशीं मुंबईस परळच्या वस्तींत एक वृद्ध लष्करी पेन्शनर वारले. त्यांचें नांव सुभेदार रामजी मालोजी सकपाळ. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे वडील, एवढीच त्यांची ओळख आपण ठेविली आहे. आमच्या मतें ती अपुरी आहे. शेतकरी व कारागीर कुटुंबांनीं तर या म्हाताऱ्याचें चरित्र आपल्याच घरचें समजून वाचलें पाहिजे.

रत्नागिरी जिल्ह्यांत मंडणगड तालुक्यांतील आंबडवें हें त्यांचें मूळ गांव. बाप मालोजी पलटणींत होते, मुलगाही पलटणींत गेला. पण तेथें रामजींच्या हातून बंदुकीपेक्षां खडूच अधिक झिजला. त्या काळीं पलटणींत शिपायांना व त्यांच्या मुलामुलींना शिकविणें सक्तीचें असे. रामजी पुण्याच्या लष्करी नॉर्मल शाळेंत तयार झाले, आणि पुढें चौदा वर्षें लष्करी शाळेचे हेडमास्तर होते. बाबासाहेबांचा जन्म सन १८९१ सालीं महूच्या छावणींत झाला तो याच नोकरींत. वाचकहो, गांवच्या शाळेच्या ओट्यावर ज्यांच्या मुलांना पाय ठेवूं देत नव्हते, त्यांच्या मुली पलटणींत पुस्तक वाचीत होत्या! बुद्धि ही कोणा एका जातीची मिरास आहे असें सांगणाऱ्यांना याहून चोख उत्तर कोणतें?

सुमारें १८९४ सालीं रामजी महिना ५० रुपये पेन्शनवर निवृत्त झाले. त्याच सुमारास इंग्रज सरकारनें महारांची सैन्यभरती बंद केली. कोरेगांवच्या स्तंभावर १८१८ सालीं पडलेल्या महार शिपायांचीं नांवें ज्या सरकारनें कोरलीं, त्याच सरकारनें त्यांच्या नातवांना दार लाविलें. दापोलीस राहणारे दुसरे लष्करी पेन्शनर गोपाळबाबा वलंगकर यांनीं याविरुद्ध लेखणी उचलली. तरी महार रेजिमेंट उभी राहण्यास १९४१ साल उजाडावें लागलें. शिपायाचें रक्त सरकारास गोड लागतें. त्याचा हक्क मात्र कडू लागतो.

येथपर्यंत वाचून आमचे वाचक म्हणतील, हा सरकारचा व भिक्षुकशाहीचा अन्याय झाला. तसा तो झालाच. पण यापुढची हकीकत ऐकतांना आपली मान खालीं जाते कीं नाहीं, तें ज्याचें त्यानें पहावें.

पेन्शनीनंतर रामजी साताऱ्यास राहिले. तेथें त्यांच्या मुलांचे केस न्हावी कापीत नसे. घरीं थोरली बहीण कापी. १९०१ सालीं दुष्काळी कामावर रामजी खटाव तालुक्यांत खजिनदार होते. बापाला भेटावयास मुलें नवे कपडे घालून निघालीं. मुलांचें पत्र नोकर द्यावयास विसरला, म्हणून मसूर स्टेशनावर न्यावयास कोणी आलें नाहीं. मुलें महारांचीं आहेत असें कळतांच एकही गाडीवान त्यांना गाडींत घेईना. अखेर दुप्पट भाडें घेऊन एक कबूल झाला, तोही या अटीवर कीं गाडी मुलांनींच हांकावी व आपण पायीं चालूं! रात्रभर त्या लेंकरांना पाण्याचा घोट मिळाला नाहीं. बाबासाहेबांनीं हें सारें स्वतः लिहून ठेविलें आहे.

आतां सांगा, तो न्हावी कोण होता? तो गाडीवान कोण होता? ते शास्त्री-पंडित नव्हते. ते बलुतेदार व कुणबी होते, म्हणजे आमचेच आजे-पणजे. भटजीनें आम्हांस हीन मानिलें याचा आम्हांस संताप येतो. पण तोच न्याय आम्ही सुभेदाराच्या लेंकरांस लाविला, याची आठवण आम्ही ठेवीत नाहीं. हें कर्ज आमच्या खातीं आहे.

या अपमानानें रामजी खचले नाहींत. १९०४ च्या सुमारास ते मुंबईस आले. गिरणगांवच्या चाळींत एकच खोली, तींत सारा संसार. सुभेदार रात्रीं दोन वाजेपर्यंत जागे राहत, मग मुलाला अभ्यासास उठवीत, आणि त्यानें रिकाम्या केलेल्या जागेवर आपण पाठ टेंकीत. मुलाला पुस्तक हवें झालें आणि हातीं पैसा नसला, तर लग्न झालेल्या मुलींकडे जाऊन त्यांचा दागिना मागून आणीत, गहाण टाकीत, आणि पेन्शन हातीं आली कीं सोडवीत. सुभेदारांची पेन्शन अशी खर्च झाली.

आणि आमच्यांत सगळेच त्या गाडीवानासारखे नव्हते, हेंही सांगितलें पाहिजे. शाळामास्तर कृष्णराव अर्जुन केळुसकर यांनीं १९०७ सालीं मॅट्रिक झालेल्या या मुलाला आपण लिहिलेलें बुद्धचरित्र भेट दिलें, व सयाजीराव महाराजांकडून महिना २५ रुपये मिळवून देण्यास हातभार लाविला. एकानें गाडी नाकारिली, दुसऱ्यानें पुस्तक दिलें. आपण कोणाचे वारस, हें आपणच ठरवावयाचें आहे.

१९१३ च्या जानेवारींत मुलगा बी. ए. होऊन बडोद्यास नोकरीवर गेला. थोड्याच दिवसांत बाप अत्यवस्थ असल्याची तार आली. परततांना बापासाठीं मिठाई घ्यावी म्हणून तो सुरतेस उतरला, तों गाडी निघून गेली. दुसऱ्या दिवशीं घरीं पोंचला. म्हाताऱ्यानें त्याच्या पाठीवर थरथरता हात ठेविला आणि प्राण सोडला. मुलाचे पुढचे मोठेपण त्यांना पहावयास मिळालें नाहीं. त्याच वर्षीं तो मुलगा शिकावयास अमेरिकेस गेला.

आज आमच्या गांवोगांवीं निवृत्त जवान आहेत. साताऱ्याजवळचें अपशिंगें तर शिपायांचें गांव म्हणूनच ओळखलें जातें. या जवानांना पेन्शन मिळते, व ती त्यांच्या घामाची आहे. पण हातीं आलेल्या रकमेंतून घरावर माडी चढते, लग्नाचा मांडव लांबतो, जत्रेंत वर्गणीचा आंकडा फुगतो, आणि मुलीच्या पुस्तकाची गोष्ट निघाली कीं “पुढच्या महिन्यांत पाहूं.” हे शब्द आम्ही शाळामास्तर वर्षानुवर्षें ऐकत आलों आहों.

सुभेदारांच्या पुतळ्याला हार घालणें सोपें आहे. त्याऐवजीं येत्या २ फेब्रुवारीस प्रत्येक घरानें दोन गोष्टी कराव्या. जेवणावळीच्या आधीं मुलांच्या पुस्तकांचा पैसा बाजूला काढावा. आणि आपल्या गांवांत पाणवठा एक झाला असेल, पण स्मशान अजून वेगळें असेल, तर त्या दिवशीं चावडीवर तो विषय काढावा. सुभेदारांच्या लेंकरांना एका रात्रीं आम्ही पाणी दिलें नाहीं. ती तहान भागविणें अजून आमच्याकडे उरलें आहे.