चुंबक नेमके कुठे ठेवायचे?

डिप्रेशनवरचा चुंबकाचा उपचार, म्हणजे टीएमएस, आता आपल्याकडच्या मोठ्या शहरांतही मिळू लागला आहे. त्याविषयी वाचक भगिनी-बंधू आम्हाला विचारतात तेव्हा दोन प्रश्न हमखास असतात. हा शॉकचाच प्रकार आहे का? आणि मेंदूचे खास चित्र काढून मगच उपचार करतो असे सांगून कुणी जास्त पैसे मागितले, तर ते द्यावेत का?

पहिल्याचे उत्तर सोपे आहे: नाही. शॉक देताना भूल देतात आणि मेंदूत मुद्दाम फीट आणतात. इथे पेशंट जागा असतो, खुर्चीत बसलेला असतो. डोक्याला टेकवलेल्या कॉइलमधून चुंबकाचे क्षणभराचे ठोके पडतात. टकटक आवाज होतो, कधी डोके दुखते, आणि माणूस चालत घरी जातो. बदलत्या चुंबकाने वीज निर्माण होते हे फॅरडेने १८३१ साली दाखवले होते. त्याच नियमाने कवटी न उघडता मेंदूत बारीकसा प्रवाह निर्माण करता येतो, हे इंग्लंडमधील शेफील्डच्या अँथनी बार्कर यांनी १९८५ साली सिद्ध केले. डोक्यावर ठोका पडला आणि माणसाचा हात आपोआप हलला. २००८ साली अमेरिकेत डिप्रेशनसाठी या यंत्राला सरकारी परवानगी मिळाली.

दुसरा प्रश्न मात्र जरा बसून समजून घ्यावा लागेल, कारण इथे घरातला पैसा आणि आजारी माणसाची आशा दोन्ही पणाला लागतात.

कॉइल कुठे ठेवायची हे पूर्वी मोजपट्टीने ठरे. ज्या जागी ठोका दिला की अंगठा हलतो ती जागा शोधायची आणि तिथून पुढे ५ सेंटीमीटर मोजायचे. पण डोकी काय एका मापाची असतात? जर्मनीत २२ जणांवर हे मोजमाप ताडून पाहिले, तेव्हा फक्त ७ जणांत कॉइल ठरलेल्या भागावर आली होती. २००१ साली हे छापून आले.

त्यात आणखी एक गुंता आहे. डिप्रेशनशी संबंध असलेला एक भाग मेंदूत खोलवर, मध्यभागी असतो. कॉइलचा ठोका दोन-तीन सेंटीमीटरच्या पलीकडे फारसा पोहोचत नाही. म्हणजे दिवा आतल्या खोलीत आणि बटण ओटीवर, अशी ही गोष्ट. प्रत्येक घराचे वायरिंग वेगळे. आपण ओटीवरचे भलतेच बटण दाबत बसलो तर आतला दिवा कसा लागणार? फंक्शनल एमआरआय हे वायरिंग दाखवते. मेंदूचे कोणते दोन भाग एकमेकांच्या तालावर चालतात आणि कोणते उलट, हे त्यात दिसते. कपाळामागच्या ज्या जागा त्या खोल भागाच्या उलट तालावर चालतात, तिथे ठोके दिले तर गुण जास्त येतो, असे अमेरिकेतील मायकेल फॉक्स आणि सहकाऱ्यांनी २०१२ साली मांडले. त्याआधी, १९९८ सालीच, साउथ कॅरोलिनातील संशोधकांनी खुद्द एमआरआयच्या बोगद्यात कॉइल लावून ठोका आणि चित्र एकाच वेळी घेतले होते. प्रचंड चुंबकाच्या आत दुसरे चुंबक चालवायचे म्हणजे धाडसच!

मग स्टॅनफर्ड विद्यापीठाने चित्रावरून जागा ठरवून रोज १० सिटिंग, अशी पाच दिवस दिली. २९ जणांच्या चाचणीत खरे ठोके मिळालेल्यांपैकी ७९ टक्के पेशंटांचे डिप्रेशन पुढच्या चार आठवड्यांत कधी ना कधी जवळपास नाहीसे झाले. खोटे ठोके मिळालेल्यांत हे प्रमाण १३ टक्के होते. २०२२ साली या पद्धतीलाही अमेरिकेत परवानगी मिळाली. जाहिरातींत जे आकडे दिसतात ते बहुधा इथलेच.

पण २९ माणसे थोडी आहेत. शिवाय गुण चित्राचा की दिवसाला १० सिटिंगचा, हे त्या चाचणीतून कळत नाही. इंग्लंडमध्ये नेमका चित्राचाच प्रश्न घेऊन २५५ पेशंटांवर मोठी चाचणी झाली. काहींची जागा फंक्शनल चित्रावरून ठरवली, काहींची साध्या एमआरआयवरून. २०२४ साली निकाल आला: दोन्ही गटांना चांगला आराम पडला, सहा महिने तो बराचसा टिकला, आणि दोघांत फरक दिसला नाही.

म्हणून आमचे मत असे, की संशोधनासाठी ही चित्रे अनमोल आहेत, पण केवळ त्या खास चित्रासाठी दागिने गहाण ठेवू नयेत. त्यापेक्षा डॉक्टरांना विचारा, की तुम्ही जागा कशी ठरवता आणि प्रत्येक सिटिंगला कॉइल त्याच जागी येते याची खात्री कशी करता? नीट उत्तर देणारे डॉक्टर साध्या यंत्रावरही चांगले काम करतात.

डोक्यात क्लिप किंवा धातूचा तुकडा, कानात कॉक्लिअर इम्प्लांट, छातीत पेसमेकर, पूर्वी फीट आलेली असणे, हे सारे आधीच सांगायला हवे. झोप मोडली की फीटचा धोका थोडा वाढतो. म्हणून उपचार रमजानमध्ये येत असेल तर सेहरीच्या जागरणाबद्दलही डॉक्टरांशी बोलून घ्या. चालू गोळ्या आपल्या मनाने बंद करू नका. आणि घरातले कुणी जगणे नकोसे झाल्याचे बोलत असेल, तर चुंबकाच्या अपॉइंटमेंटची वाट पाहू नका. त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. सरकारच्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे आणि तिथे मराठीतही बोलता येते.