मूल होवो न होवो, आधार हवाच

‘टेन्शन सोडा, बघा पाळणा हलतो की नाही!’ मंडणगड तालुक्यात मूल नसलेल्या जोडप्याला हा सल्ला ओटीवर मिळतो, तसा मुंबईच्या खोलीवरही मिळतो. देणाऱ्याचा हेतू चांगला असेल. म्हणणं मात्र टिकत नाही. २०११ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये १४ अभ्यासांचा एकत्रित आढावा आला. साडेतीन हजारांवर स्त्रियांच्या त्या पाहणीत उपचारांआधीच्या मानसिक ताणाचा टेस्ट ट्यूब उपचारांच्या यशापयशाशी संबंध आढळला नाही. बंद गर्भनलिका हसतमुख राहून उघडत नाही. ‘तूच फार विचार करतेस’ म्हणणं म्हणजे आधीच दुःखात असलेल्या बाईवर दोषाचंही ओझं लादणं.

दुसरा समज, खोट बाईतच. प्रत्यक्षात सुमारे निम्म्या जोडप्यांत पुरुषाकडचं कारणही असतं. शिवाय नवरा मुंबईला, गावी येणार गणपतीला नि शिमग्याला. एकत्र राहणंच जिथे दुर्मीळ, तिथे उपासतापास आणि तपासण्या तिच्याच माथी. डोहाळजेवणात सगळ्या सुवासिनींना बोलावणं जातं, तिला वगळलं जातं. नवऱ्याचंही बरं चाललेलं नसतं. वीर्यतपासणीचा कागद घडी घालून पाकिटात ठेवतो आणि कुणाशी चकार शब्द बोलत नाही.

तिसरा आक्षेप: ‘उपचारांनाच पैसे पुरत नाहीत, समुपदेशनाचे चोचले कशाला?’ पैशांची ओढाताण खरीच आहे. पण कुठवर जायचं आणि कुठे थांबायचं, हे दोघांना कुणी शांतपणे विचारत नाही, म्हणून तर डॉक्टरमागून डॉक्टर होतात आणि दागिने मोडतात. सहायक प्रजनन तंत्रज्ञानाच्या २०२१च्या कायद्याने यशाची शक्यता, धोके व खर्च समजावणारं समुपदेशन उपचार केंद्रांवर बंधनकारक केलं आहे. तो जोडप्याचा हक्क आहे.

मात्र जे त्या केंद्रापर्यंत पोचतच नाहीत, त्यांचं काय? रत्नागिरीत १८८६पासून मनोरुग्णालय आहे; पण मंडणगड पडतं जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, आणि ‘तिथे गेले’ एवढी कुजबुजसुद्धा गावात पुरते. ‘टेली-मानस’ या मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा मोफत क्रमांक आहे, तिथे मराठीत बोलता येतं. तो आशाताईंनी घरोघर सांगावा. शिवाय तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात ठरावीक वारी समुपदेशक बसावा, सणाला चाकरमानी येतात तेव्हा तर हमखास. पती-पत्नीला त्याने एकत्र बसवावं, गरज पडली तर सासू-सासऱ्यांनाही.

या आधाराचं मोल पाळण्यावरून ठरवू नये. मूल झालं तर आनंदच आहे. नाही झालं, तरी ती दोघं एकमेकांना धरून, मान वर करून गावात वावरली, तर आधाराचं काम झालं.