ठराव कुणाच्या नावावर?

गोकुळ दूध संघाच्या निवडणुकीत कुठल्या दूधसंस्थेचा ठराव, म्हणजे मताचा अधिकार, कुणाच्या नावावर झाला, यावर कोल्हापूरकर तासन्‌तास बोलेल. सेंटओएस या मुक्त संगणकप्रणालीबाबत मात्र सूत्रे कुणाच्या हाती, ही चौकशी फार थोड्यांनी केली. २०१४मध्ये रेड हॅट या कंपनीने तिला आश्रय दिला, नाव-बोधचिन्ह घेतले, मंडळात आपली माणसे बसवली. २०१९मध्ये आयबीएमने रेड हॅटच विकत घेतली. डिसेंबर २०२०मध्ये जाहीर झाले: २०२९पर्यंत चालणारी आठवी आवृत्ती २०२१अखेर बंद. कोड खुला, म्हणून रॉकी आणि अल्मा हे पर्याय उभे राहिले. नाव मात्र कंपनीकडेच. कंपन्यांचा पैसा आम्हाला वर्ज्य नाही. लोहित देवनागरी हा मुक्त टंक रेड हॅटनेच दिला. पण ओरॅकल कंपनीच्या छायेतून २०१०मध्ये बाहेर पडलेल्या, लिब्रेऑफिस हा मुक्त कार्यालयीन संच बनवणाऱ्यांनी एका कंपनीच्या माणसांना मंडळात किती जागा, याची मर्यादा घटनेतच घालून घेतली.