विश्लेषण : उपदेश करायचा नाही, मग चॅप्लन शिकतो काय?

ऑगस्ट २०२१ मध्ये हार्वर्ड विद्यापीठातील चॅप्लन मंडळींनी ग्रेग एपस्टाईन यांना अध्यक्ष निवडले आणि जगभर बातम्या झाल्या. कारण एपस्टाईन देव मानत नाहीत. बातम्यांचा सूर आश्चर्याचा होता. पण या पेशाचे शिक्षण कसे होते ते पाहिले, तर निवड तितकी अजब वाटत नाही.

चॅप्लन म्हणजे कोण?

रुग्णालय, लष्कर, तुरुंग किंवा विद्यापीठात आध्यात्मिक आधार देण्यासाठी नेमलेली व्यक्ती. चर्चमधील पाद्र्यासमोर त्याच्याच पंथाचे लोक असतात. चॅप्लनच्या वाट्याला कोणत्या धर्माचा, किंवा कोणताच धर्म न मानणारा रुग्ण येईल, हे सांगता येत नाही.

शिक्षण कसे होते?

अमेरिकेत त्यासाठी धर्मशास्त्र विद्यालयातील ‘मास्टर ऑफ डिव्हिनिटी’ ही साधारण तीन वर्षांची पदव्युत्तर पदवी रूढ आहे. धर्मग्रंथ, इतिहास, नीतिशास्त्र हे विषय त्यात असतातच. खरी कसोटी मात्र रुग्णालयात लागते. ‘क्लिनिकल पास्टोरल एज्युकेशन’ या प्रशिक्षणाचे एक युनिट किमान ४०० तासांचे असते आणि व्यावसायिक प्रमाणपत्रासाठी साधारणपणे अशी चार युनिट लागतात. अँटन बॉयसन यांनी १९२५ मध्ये मॅसॅच्युसेट्समधील वूस्टर मनोरुग्णालयात चार विद्यार्थ्यांना घेऊन या पद्धतीचा पाया घातला. बॉयसन स्वतः मनोरुग्णालयात उपचार घेऊन बाहेर पडले होते.

विद्यार्थी रुग्णाशी बोलतो आणि नंतर तो संवाद आठवून शब्दशः लिहून काढतो. मग गटात त्याची चिरफाड होते. समजा, रुग्ण म्हणाला, ‘भीती वाटतेय’ आणि विद्यार्थी पटकन म्हणाला, ‘सगळं ठीक होईल’. इथे मार्गदर्शक थांबवतो : हा धीर रुग्णाला दिला, की स्वतःची अस्वस्थता झाकली? गप्प बसून ऐकणे हे शिकावे लागणारे कौशल्य आहे, आणि पदवीतला सर्वांत अवघड भागही तोच.

भारतात काय?

भारतीय लष्करात पंडित, ग्रंथी, मौलवी, पाद्री अशा धर्मगुरूंची कनिष्ठ आयुक्त अधिकारी म्हणून भरती होते. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमध्ये चॅप्लन विभाग आहे. इतरत्र बहुतेक ठिकाणी आयसीयूबाहेर रात्र काढणाऱ्या नातेवाइकांसाठी तळमजल्यावर गणपतीची मूर्ती असते, शेजारी बसणारे प्रशिक्षित माणूस नसते. महाराष्ट्रातील सरकारी रुग्णालयांत समाजसेवा अधीक्षक आहेत. पण त्यांचा बराच वेळ योजनांच्या कागदपत्रांत जातो. डॉक्टरकडे वेळ नाही आणि परिचारिकेवर आधीच भार आहे. त्यामुळे हे काम ‘कुणीतरी करेल’ म्हणून सोडून न देता त्यासाठी पगारी पद हवे, आणि त्या पदावरच्या माणसाला वॉर्डातले प्रशिक्षण हवे. त्याचा धर्म कोणता, हा प्रश्न नंतरचा. सुरुवात निदान कर्करोग आणि अतिदक्षता विभागांपासून तरी व्हायला हवी.